सुतक नसलेलं दुःख

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकारानं १८७५ साली सुरू झाली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या व्यासपीठांवरून स्वराज्य, समाजसुधारणा, शेती, शिक्षण, विज्ञान अशा मोठ्या विषयांवर बोललं गेलं. आज मी घरातला विषय घेतला आहे. शेजारचं जिव्हाळ्याचं माणूस जातं आणि आपल्याच घरात आपली बायको किंवा आपला नवरा त्या दुःखानं खचतो. त्या वेळी घरातल्या दुसऱ्या माणसानं काय करावं, एवढाच माझा विषय. स्मृतिव्याख्यानात तो अस्थानी नाही असं मला वाटतं. गेलेल्या माणसाची आठवण ठेवायला आपण इथे जमतो, आणि आठवण ठेवणाऱ्याला सांभाळणं हा त्याच कामाचा भाग आहे.

पहिली अडचण अशी की या दुःखाला आपल्याकडे जागाच ठेवलेली नाही. धर्मशास्त्रानं मरणानंतरचं अशौच नात्याच्या अंतरावर मोजलं. जवळच्या भाऊबंदांना, म्हणजे सपिंडांना, दहा दिवस, त्यापलीकडच्या समानोदकांना तीन दिवस. लग्न होऊन गेलेल्या मुलीला तर जन्मदात्या आईचंही तीनच दिवस. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात या नियमांचा आणि त्यांतल्या मतभेदांचा सविस्तर विचार केला आहे. नियम ज्या काळात झाले त्या काळात त्यांना कारणं असतील. पण आजचं चित्र असं की ज्या चुलत चुलत्याचं तोंड वर्षानुवर्षं पाहिलेलं नाही त्याचे दहा दिवस घर पाळतं आणि रोज ज्यांच्याशी दहा वेळा बोलणं व्हायचं त्या समोरच्या वहिनींसाठी स्मशानातून येऊन आंघोळ केली की संपलं. दुसऱ्या दिवशी डबा भरायचा, लोकल पकडायची. ज्या कार्यालयांत दुखवट्याची रजा मिळते तिथेही यादी रक्ताच्या आणि लग्नाच्या नात्यांचीच असते. ‘शेजारी वारले’ असं लिहून रजा मागायला माणूस धजत नाही.

अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली संपादित केलेल्या ग्रंथात अशा दुःखाचा विचार मांडला. समाज ज्याला दुःख म्हणून मान्यता देत नाही, ज्याचा शोक उघडपणे करता येत नाही आणि ज्यासाठी कुणी सांत्वनाला येत नाही, असं दुःख. मित्र, सहकारी, घटस्फोट झालेला जोडीदार, शेजारी, असे सगळे त्यात येतात. डोकांचं म्हणणं असं की मान्यता न मिळाल्यामुळे ते दुःख हलकं होत नाही, उलट जास्त जड होतं. माणूस रडतो आणि आपण का रडतो याचीही त्याला लाज वाटते.

शेजाऱ्याला मरणाच्या घरात काही स्थान नसतं असं मात्र कुणी समजू नये. कामं सगळी त्याच्याकडे असतात. डॉक्टरला बोलावणारा तो, गावाकडे फोन लावणारा तो, सामान आणणारा, सतरंजी अंथरणारा, बाहेरून येणाऱ्यांना घर दाखवणारा तो. त्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारून पिठलं-भात, भाकरी जाते. कितीतरी गावांत प्रेत उचलेपर्यंत आसपासच्या घरांतही चूल पेटत नाही. दिवस सुरू असताना भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते, आणि त्यांना पाणी देणारी, चहाचं पाहणारी, चपलांमधून वाट काढत ट्रे फिरवणारी बाई बहुधा शेजारची असते. सगळे येतात आणि त्या घरच्या माणसांचे हात हातात घेतात. तिला कुणी विचारत नाही. तिचं रडायचं राहून जातं. तेराव्याला गोडाचं जेवण होतं, पाहुणे जातात, आणि ती आपल्या घरात परत येते, तेव्हा तिच्या दुःखाचा पहिला दिवस सुरू होतो. तोवर सगळ्यांच्या लेखी तो विषय संपलेला असतो. म्हणून जोडीदारांना माझं पहिलं सांगणं हे आहे की तुमचं काम तेराव्यानंतर सुरू होतं.

हे नातं इतकं खोल का जातं, हे पाहायला हवं. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. एकेक खोली साधारण १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत सात-आठ माणसांचा संसार मावत नाही, म्हणून तो गॅलरीत सांडला. पोरं गॅलरीत वाढली, धान्य गॅलरीत निवडलं गेलं, आजारी म्हाताऱ्याजवळ शेजारच्या खोलीतलं कुणी बसलं. गिरणीत पाळी करणाऱ्या नवऱ्यापेक्षा शेजारणीचा सहवास बाईला जास्त लाभला. चाळीतून लोक ठाणे-डोंबिवलीच्या, पुण्या-नाशिकच्या सोसायट्यांत गेले तेव्हा ही सवय बरोबर घेऊन गेले. एकमेकांच्या घराची किल्ली एकमेकांकडे असते. गॅसवाला, कुरिअरवाला, पाहुणा यांना दोन्ही घरं सारखीच. अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना विचारा. तिथे बाळंतपणाला आई पोहोचण्याआधी जी धावून आली ती शेजारीण असते.

सख्खा भाऊ गेला तर तो भाऊबीजेला आठवतो, लग्नकार्यात आठवतो, गावच्या घरी गेलं की आठवतो. शेजारीण गेली की ती सकाळी दूध आलं की आठवते. कपडे वाळत घालताना आठवते. कोथिंबीर महाग झाली तरी आठवते, कारण ते सांगायला समोरचं दार उघडं असायचं. प्रसंगाप्रसंगानं होणारी आठवण माणूस तयारीनं झेलतो. ही आठवण दिवसातून वीसदा येते आणि प्रत्येक वेळी बेसावध गाठते. शिवाय ती जागा नजरेसमोरून हलत नाही. माहेरी कुणी गेलं तर निदान ते घर लांब असतं. इथे कचऱ्याची बादली ठेवायला दार उघडलं तरी समोर तेच दार, तीच नावाची पाटी.

आता घरातल्या दुसऱ्या माणसाकडे येतो. बहुतेक नवरे अशा वेळी मनापासून म्हणतात, “मी आहे ना.” बायकाही म्हणतात. या वाक्यामागे प्रेम असतं, पण त्याचा फारसा उपयोग होत नाही. तिनं जे गमावलं ते तुमच्याजवळ कधी नव्हतंच. आमच्या समोरच्या वहिनी गेल्या तेव्हा हे मला फार जवळून पाहायला मिळालं. माझी पत्नी त्यांना ताई म्हणायची. तिची माहेरची काळजी, मुलाच्या शिक्षणाची धास्ती, माझ्याविषयीच्या तक्रारी, हे सगळं ताईंकडे जायचं. ताई गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आमच्या संसारातली कितीतरी भांडणं समोरच्या स्वयंपाकघरात विझत होती. माझ्या लग्नाला त्या बाईंनी केलेली ही मदत मला त्या असेपर्यंत दिसली नव्हती, कारण ती दिसू नये अशाच बेतानं त्या करत होत्या. जोडीदाराच्या आयुष्यात आपल्यापलीकडचं असं एक दालन असतं. त्याचा हेवा करू नये आणि ते आपण भरून काढू असंही म्हणू नये. ‘तुझं फार मोठं माणूस गेलं’ हे वाक्य ‘मी आहे ना’पेक्षा अधिक आधार देतं, कारण त्यात तिच्या दुःखाला त्याची खरी उंची मिळते.

आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं. घरातले लोक नाव टाळतात, तिला पुन्हा रडू येईल म्हणून. रडू येऊ द्यावं. ‘आज ताईंची आठवण कशानं आली?’ असं विचारावं आणि मग गप्प बसून ऐकावं. तीच गोष्ट ती पाचव्यांदा सांगेल. पाचव्यांदाही ऐकावी. हे करणं सांगतो तितकं सोपं नाही, दिवसभर कामावरून दमून आलेल्या माणसाला तर मुळीच नाही. तरी यापेक्षा मोठी मदत मला माहीत नाही.

ताईंचं एक स्टीलचं पातेलं आमच्याकडे राहिलं होतं. जुन्या रीतीनं त्यावर त्यांचं नाव आणि वास्तुशांतीची तारीख कोरलेली. शेजारचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही हा दोन्ही घरांचा नेम, त्यामुळे भांडी सतत जात-येत असत. हे शेवटचं. ही ते वापरेना, परत देईना, ओट्यावरून हलवू देईना. मोलकरणीनं एकदा ते फडताळात ठेवलं तर हिनं पुन्हा बाहेर काढलं. अशा वस्तूंच्या बाबतीत घाई करू नये. ‘देऊन टाक ना आता’ असं म्हणण्याचा मोह होतो, कारण ते भांडं आपल्यालाही टोचत असतं. पण निर्णय तिचा. एका एकादशीला तिनं त्यात साबुदाण्याची खिचडी केली आणि स्वतः नेऊन समोर दिली. त्यानंतर ते पातेलं पुन्हा जाऊ-येऊ लागलं.

समोर होते भाऊ, म्हणजे ताईंचे यजमान. शेजारचं माणूस जातं तेव्हा त्या दारामागेही एक जोडीदार मागे राहिलेला असतो, आणि दोन घरांतली ही दोन दुःखं एकमेकांत गुंततात. कॉलिन मरी पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पंचावन्न आणि त्याहून अधिक वयाच्या ४,४८६ विधुरांची नोंद त्यांनी नऊ वर्षं ठेवली. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत या पुरुषांतलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांच्या मानानं सुमारे ४० टक्क्यांनी जास्त निघालं. त्यातले बरेच मृत्यू हृदयविकाराचे होते. म्हणजे त्या पहिल्या सहा महिन्यांत समोरच्या घरी रोज कुणीतरी डोकावणं हे निव्वळ सौजन्य राहत नाही, ते औषधाच्या मोलाचं ठरतं.

आमच्याकडे ही भाऊंचा डबा करू लागली. मला भीती वाटत होती की तिच्या दुःखावर हे आणखी ओझं होईल. तसं झालं नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ साली जी मांडणी केली तिच्यात याचं उत्तर सापडतं. दुःखी माणूस एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर असा सरळ चढत जात नाही. तो कधी गमावलेल्या माणसाकडे वळतो, कधी पुढच्या कामांकडे, आणि हे हेलकावे असणं हेच निरोगीपणाचं लक्षण. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या पाच अवस्था सगळ्यांना तोंडपाठ असतात, पण १९६९च्या त्यांच्या पुस्तकात त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडलेल्या होत्या. ‘अजून तिची चौथी अवस्था आली नाही’ असा हिशेब घरात कुणी मांडू नये. डबा करताना ही ताईंच्या हातच्या आमटीविषयी बोलायची, मध्येच रडायची, मध्येच भाऊंना तिखट चालत नाही म्हणून मिरची काढायची. तिचा शोक त्या डब्यातूनच वाट काढत होता.

जोडीदारानं करायचं ते असं की त्या कामातला आपला वाटा उचलायचा. सगळा भार तिच्यावर पडला तर वर्षभरात ती आजारी पडेल. मृत्यूची नोंद कायद्यानं २१ दिवसांत करावी लागते. दाखल्याच्या प्रती काढणं, बँकेतलं खातं, सोसायटीच्या भागपत्रावरचं नामनिर्देशन, विजेच्या बिलावरचं नाव, निवृत्तिवेतनाचे कागद, ही कामं मी घेतली. भाऊंच्या मुलाशी मोकळेपणानं बोलून कोणत्या दिवशी कोण पाहील हेही ठरवलं. शेजाऱ्यानं मुलाची जागा घेऊ नये. मुलाला अपराधी वाटतं आणि शेजाऱ्याला पुढे निभावत नाही.

हे सगळं बायकांपुरतं नाही. सकाळच्या फेरीचा सोबती गेला की पुरुष फेरीच बंद करतो. घरी सांगतो गुडघा दुखतो म्हणून. तो रडत नाही, बोलत नाही, वर्तमानपत्र घेऊन बसतो, आणि बायकोला वाटतं याला फारसं काही झालेलं नाही. अशा नवऱ्याला समोर बसवून ‘मन मोकळं करा’ म्हटलं तर तो आणखी मिटतो. त्याच्याबरोबर चालायला जावं. त्याच रस्त्यानं, त्याच वेळी, त्या दोघांच्या ठरलेल्या बाकापर्यंत. शेजारी शेजारी चालताना, समोर बघत, पुरुष जे बोलतात ते समोरासमोर कधी बोलत नाहीत. माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांनी गेलेल्या मित्राच्या स्कूटरचे कागद, विम्याचे कागद महिनाभर लावून दिले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “ते सध्या त्यांच्याच कामात असतात.” बाईंनी हे जाणलं आणि नवऱ्याला त्या कामात राहू दिलं, हाच त्यांनी दिलेला आधार.

शेजारचे गृहस्थ गेले आणि मागे त्यांची पत्नी राहिली, तर आणखी एक जबाबदारी येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींनी तो आदर्श घ्यावा असं परिपत्रक काढलं. परिपत्रक निघालं तरी हळदीकुंकवाचं बोलावणं शेजारणीच करतात. संक्रांतीला समोरच्या दाराची कडी वाजवायची की नाही, हे जिल्हाधिकारी ठरवत नाही. तुमच्या पत्नीला तिला बोलवायचं असेल आणि घरातली वडीलधारी माणसं कुरकुरत असतील, तर तिच्या बाजूनं बोलणं हे नवऱ्याचं काम आहे. ते तिला एकटीला करायला लावू नये.

दोन काळ विशेष कठीण असतात, त्यांचं सांगतो. एक, समोरचं घर विकलं जातं तो. मुलं परगावी असतात, इमारत पुनर्विकासाला जाते, किंवा भाडेकरू येतो. पाटी बदलते. त्या दिवशी तुमच्या घरात दुसऱ्यांदा मरण घडतं आणि बाहेरच्या कुणालाही ते कळत नाही. त्या दिवशी घरी थांबा. मुलांशी बोलून त्या घरातली एखादी साधी वस्तू, तुळशीची कुंडी, पोळपाट, वाचनाचा चष्मा, तिच्यासाठी मागून घ्या. मागायला संकोच करू नका. ती मुलंही आईची वस्तू ओळखीच्या घरी गेली म्हणून सुखावतात. दुसरा काळ करोनाचा. तो संपला असं आपण म्हणतो. मार्च २०२० पासून अंत्ययात्रेला वीसच माणसांची मुभा होती, आणि करोनानं गेलेल्यांना तर तीही पुरती मिळाली नाही. वीस जणांत शेजारी बसत नाही. कितीतरी जणांनी गॅलरीतून रुग्णवाहिका जाताना पाहिली, तेवढाच निरोप. तुमचा जोडीदार आज रुग्णवाहिकेच्या आवाजानं दचकत असेल तर त्याला ‘किती वर्षं झाली आता’ असं सुनावू नका. त्याचा निरोप व्हायचा राहिला आहे.

तो अजूनही करता येतो. ज्या परंपरेनं शेजाऱ्याचं सुतक मानलं नाही, तिनंच तर्पणात बांधवांबरोबर बांधव नसलेल्यांसाठीही पाणी ठेवलं आहे. महालयात गुरू, शिष्य, आप्त, मित्र यांचीही आठवण होते. सर्वपित्रीला तुमच्या घरी तर्पण होत असेल तर पत्नीच्या त्या मैत्रिणीच्या नावानं एक ओंजळ सोडा, आणि ती सोडताना पत्नीला जवळ उभी करा. तिलाच सोडायची असेल तर तिला सोडू द्या. ज्यांचा यावर विश्वास नाही त्यांनी त्या व्यक्तीच्या नावानं गावच्या वाचनालयाला पुस्तकं द्यावीत, किंवा तिच्या घरची मंडळी परगावी असतील तर त्या वर्षी दिवाळीचा फराळ त्यांना पाठवावा. करताना दोघांनी मिळून करावं, एवढंच महत्त्वाचं.

दुःख केव्हा आजार होतं, हा प्रश्न नेहमी येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाची नोंद आहे आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत धरली आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२च्या निकषांत प्रौढांसाठी ती बारा महिन्यांची आहे. नुसते महिने मोजून काही ठरत नाही. जेवण तुटलं, झोप गेली, घराबाहेर पाऊल पडेना, जगण्यात अर्थ नाही असं ती बोलू लागली, तर महिन्यांची वाट पाहायची नाही. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते आणि मराठीतून बोलता येतं. तिला फोन करायला संकोच वाटत असेल तर तुम्ही लावा आणि शेजारी बसा. ‘शेजारीण गेली म्हणून एवढं?’ असं तिथलं माणूस विचारणार नाही.

श्रोतेहो, आपण घरी कालनिर्णयावर दुधाचे खाडे लिहितो, गॅस कधी लावला ते लिहितो. तुमच्या जोडीदाराचं असं कुणी शेजारचं माणूस गेलं असेल, तर आज घरी गेल्यावर त्याच्या जाण्याची तारीख तिथे लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका, शक्य असेल तर रजा काढा, आणि तिनं आठवण करून देण्याआधी तुम्हीच तिला विचारा की आजचा दिवस तिला कसा घालवायचा आहे.